वर्ग सहलीला, आपण शाळेत: त्या पाच दिवसांचं काय करायचं?

पत्र

ताई, मी नववीत आहे. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. पुढच्या सोमवारी पहाटे आमची सहल निघतेय. विजापूर, बदामी, हंपी करून शुक्रवारी रात्री परत. माणशी 5,200 रुपये. दादाच्या बारावीच्या क्लासची फी नुकतीच भरलीय, म्हणून मी घरी हट्ट धरला नाही. मैत्रिणींना मात्र ‘आजीला बरं नाही’ असं सांगून मोकळी झाले. आमच्या तुकडीतले 11 आणि ब तुकडीतले 8, एवढेच मागे राहणार. मागच्या वर्षी अशा मुलांना एका वर्गात नुसतं बसवून ठेवलं होतं म्हणे. आई म्हणते, जाऊच नकोस, घरी अभ्यास कर. काय करू? आणि त्या परत आल्यावर पंधरा दिवस सहलीच्याच गप्पा चालतील, तेव्हा मी काय बोलायचं?
— नववी अ

उत्तर

शाळेत जा. पाचही दिवस जा.

आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नुसतं बसवून ठेवणार असतील तर घर काय वाईट, असं कुणालाही वाटेल. पण घरी तुझ्याकडे पुस्तकं आहेत, ती शाळेतून आल्यावरही असतीलच. घरी नाही ते म्हणजे प्रयोगशाळा, मोकळं मैदान आणि 54 ऐवजी 19 जणांकडे बघणारे शिक्षक. आणि फोन हाताशी असताना दर अर्ध्या तासाने मैत्रिणींचे स्टेटस बघत दुपार कशी जाते, हे तुला सांगायला नको.

मागच्या वर्षी मुलं नुसती का बसली, ते आधी समजून घे. सहलीबरोबर चार-पाच शिक्षक जातात. त्यांचे तास पर्यवेक्षक बदली तासांच्या वहीत मोकळ्या शिक्षकांच्या नावावर टाकतात. तुमच्या विज्ञानाच्या तासाला हिंदीच्या बाई येतात, तर कधी ज्यांनी नववीला कधीच शिकवलेलं नाही असे सर येतात. ज्यांचा विषय तुम्हाला आहे ते मागे राहिले असले तरी नवा धडा सुरू करत नाहीत, कारण सहलीहून परतलेल्या 43 मुलांसाठी तोच पुन्हा शिकवावा लागतो. मग उरतं ‘आपापलं वाचत बसा’. यात कुणाचा दोष नसतो, पण कुणी आधी काही मागितलेलंही नसतं.

बदली तास एक-दोन दिवस आधी ठरतात. म्हणजे तुमचं मागणं सहलीच्या आधीच्या गुरुवारी पर्यवेक्षकांच्या टेबलावर हवं. सोमवारी सकाळी स्टाफरूमच्या दारात उभं राहिलीस तर उशीर झालेला असेल. वर्गशिक्षक बहुधा सहलीला जाणार, म्हणून कोण मागे राहतंय ते आधी काढ. गणित, विज्ञान आणि खेळ यांपैकी दोन शिक्षक जरी मागे असले तरी आठवडा सुधारतो. अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. असा लिही:

‘आम्ही नववी अ आणि ब मधील 19 विद्यार्थी सोमवार ते शुक्रवार शाळेत आहोत. या दिवसांत पुढील तासांची सोय व्हावी ही विनंती. विज्ञान प्रयोगशाळा, सलग दोन तास, एकदा. मैदान, मोजपट्टी व स्टॉपवॉच, एक तास. गणिताच्या शंकांसाठी रोज एक तास.’

खाली चार-पाच जणांच्या सह्या घे, 19 जणांच्या मागे धावत बसू नकोस. आणि मागण्या तीनच ठेव. सात-आठ लिहिल्यास की ‘बघू’ असं उत्तर येतं.

मैदानावर: आवाजाचा वेग

तुम्हाला यंदा ‘ध्वनीचा अभ्यास’ हा धडा आहे. त्यातला प्रतिध्वनी बहुतेक शाळांत फळ्यावरच राहतो, कारण तो प्रत्यक्ष घ्यायला मोकळं मैदान आणि शांतता लागते, आणि 54 जणांचा वर्ग मैदानावर नेला की दोन्ही संपतात. तुम्ही 19 जण आहात. एवढ्यात हे छान होतं.

साहित्य: लांब उडीसाठी वापरतात ती मोजपट्टी, एक स्टॉपवॉच आणि शर्यत सुरू करायचा लाकडी क्लॅपर. क्लॅपर नसेल तर लाकडाचे दोन सपाट ठोकळे चालतात. हाताची टाळी 50 मीटरवरून क्षीण येते.

जागा निवडताना भिंतीकडे नीट बघ. व्हरांडा आणि खांब असलेली बाजू नको. प्रत्येक खांबावरून थोडा थोडा आवाज परत येतो आणि प्रतिध्वनी फिसकटतो. इमारतीची मागची सपाट, उंच भिंत चांगली. तुमच्या पाठीमागे दुसरी इमारत जवळ असेल तर तिचाही प्रतिध्वनी मिसळतो, तेव्हा पाठ उघडी असेल अशी जागा घ्या. आधी भिंतीपासून 10 मीटरवर एक ठोका देऊन बघा. वेगळा प्रतिध्वनी ऐकूच येणार नाही. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत साधारण 0.1 सेकंदाचं अंतर असल्याशिवाय कानाला ते दोन वाटत नाहीत, आणि त्यासाठी भिंत तुमच्यापासून निदान 17 मीटर दूर हवी. मग मागे मागे सरकत जा. 25-30 मीटरनंतर तो स्वच्छ वेगळा होतो.

आता बरोबर 50 मीटरवर उभे राहा. एकजण ठोके देईल, एकजण मोजेल, एकजण घड्याळ धरेल, एकजण लिहील. ठोके अशा लयीत द्यायचे की प्रत्येक दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये प्रतिध्वनी पडावा: ठोका, प्रतिध्वनी, ठोका, प्रतिध्वनी, घड्याळाच्या टिकटिकीसारखं एकसारखं. लय जमायला दहा-बारा ठोके जातात. जमली की न थांबता मोजणी सुरू करा आणि 20 अंतरांना (एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत एक अंतर) किती वेळ लागतो ते घ्या.

हिशेब सोपा आहे. आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो तेव्हा 100 मीटर होतात, आणि त्याला दोन ठोक्यांमधला निम्मा वेळ लागतो. म्हणजे दोन ठोक्यांमधल्या पूर्ण वेळात आवाज 200 मीटर गेला असता. 20 अंतरांचे झाले 4,000 मीटर. वेळ 11.8 सेकंद आला तर 4,000 भागिले 11.8, म्हणजे सेकंदाला सुमारे 339 मीटर. 22 अंश सेल्सिअसला हा वेग 344 च्या आसपास असतो आणि तापमान एका अंशाने उतरलं की तो सुमारे 0.6 ने कमी होतो. थंडीतल्या सकाळी 15 अंश असतील तर 340 हेच बरोबर उत्तर. 344 यावं म्हणून आकडा वाढवून लिहू नका.

हमखास चुकतं ते मोजणीत. पहिल्या ठोक्याला ‘एक’ म्हणून ‘वीस’ला घड्याळ थांबवलं तर अंतरं 19 च होतात, वेळ 11.2 सेकंदाच्या जवळ येतो आणि वेग एकदम 357 निघतो. पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायचं. दुसरी चूक घड्याळाची: ठोका ऐकून बटण दाबायला उशीर होतो. पण लयीबरोबर दाबलं तर सुरुवातीचा आणि शेवटचा उशीर साधारण सारखाच राहतो आणि कापला जातो. म्हणून घड्याळवाल्याने आधीचे पाच-सहा ठोके मनात मोजून घ्यावेत. तीन वेळा करा, सरासरी घ्या. एखादं वाचन उरलेल्यांपेक्षा फारच लांब असेल तर तो प्रयोग पुन्हा करा, नुसतं खोडू नका.

बाकीच्या वर्गांना त्रास नको म्हणून हे शाळा भरण्याआधीच्या अर्ध्या तासात बसवा. तेव्हा वारंही कमी असतं.

तास उरला तर खो-खो. 19 म्हणजे नऊ-नऊचे दोन संघ आणि एक पंच, हिशेब कसा चोख बसतो बघ. एरवी तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुली कडेला उभ्या राहून बघतच असतील.

प्रयोगशाळेतले दोन तास

इथे एकच प्रयोग घ्या: अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर. एरवी पाच-सहा जणांत एक आरसा येतो, एकजण धरतो आणि बाकीचे त्याचं वाचन उतरवतात. या वेळी दोघांत एक मिळेल. खिडकीकडे आरशाचं तोंड करून दूरच्या झाडाची किंवा घराच्या छपराची प्रतिमा पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर घ्यायची. पट्टी पुढेमागे करून प्रतिमा रेखीव झाली की आरसा ते पट्टी हे अंतर मोजायचं, तेच नाभीय अंतर. पट्टी अरुंद हवी, बोटभर. मोठा पुठ्ठा धरलास तर आरशाकडे येणारा प्रकाशच अडतो. खोली अंधारी कर, फक्त एक खिडकी उघडी ठेव. जवळची वस्तू घेऊ नकोस: नाभीय अंतर 15 सेंमी असताना दीड मीटरवरची खुर्ची घेतली तर प्रतिमा 16.7 सेंमीवर येते, आणि 20 मीटरवरचं झाड घेतलं तर 15.1 वर. सूर्याकडे आरसा कधीही वळवू नका. कागद पेटतो, डोळ्याचं तर विचारूच नको.

प्रयोगशाळा सहायकांना आदल्या दिवशी सांगून ठेव. आरसे कपाटात असतात आणि किल्ली त्यांच्याकडे.

कुणीच शिकवायला नसेल तेव्हा

बदली तासाला दुसऱ्या विषयाच्या बाई येणारच. त्या तासासाठी कंपासपेटी पुरते. भूमितीतली त्रिकोण रचना हाताशी घे, कारण ती वाचून येत नाही, काढूनच येते. हे एक उदाहरण करून बघ: BC 6 सेंमी, कोन B 60 अंश, AB आणि AC मिळून 10 सेंमी.

BC काढ. B पाशी 60 अंशांचा किरण काढ. त्या किरणावर B पासून 10 सेंमीवर D घे. D आणि C जोड. आता DC चा लंबदुभाजक काढ. तो BD ला छेदेल तिथे A. AC जोडलीस की त्रिकोण तयार. AB साधारण 4.6 आणि AC साधारण 5.4 यायला हवी.

फसतं ते तीन ठिकाणी. DC इथे 8.7 सेंमी येते, म्हणून कंपास 4.4 पेक्षा जास्त उघडायला हवा, नाहीतर कंस एकमेकांना भेटतच नाहीत. 6 सेंमी घेतलास तर कंस स्वच्छ छेदतात. दुसरं, घाईत DC ऐवजी BC दुभागली जाते. तिसरं म्हणजे कंपासाचा सैल स्क्रू, वरचा कंस काढून खालचा काढेपर्यंत अंतर मिलिमीटरभर बदलतं. पेन्सिल टोकदार ठेव, शिसं आणि सुई एका पातळीत आण. शेवटी AB आणि AC पट्टीने मोजून बेरीज कर. 10 च्या आगेमागे 1 मिलिमीटर ठीक, 3 आलं तर पुन्हा काढ. कोन आणि बाजू बदलून अशा चार रचना केल्यास की हा प्रकार परीक्षेपुरता मिटला.

गणिताच्या शंकांच्या तासाला ‘काहीच येत नाही’ असं सांगू नकोस. शिक्षक मग पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि तास संपतो. रविवारी बसून चाचणीच्या पेपरातली चुकलेली गणितं काढ आणि प्रत्येकात कुठल्या ओळीला अडकलीस तिथे खूण कर. रोज तीन पुरेत.

नवा धडा झालाच तर वही पूर्ण ठेव, कारण सोमवारी ती सगळ्यांना हवी असेल. मूळ वही देऊ नकोस. हातोहात फिरत ती कुठे जाते कुणालाच माहीत नसतं, आणि नेमकी चाचणीच्या आदल्या दिवशी सापडत नाही. पानांचे फोटो पाठव.

फुटकळ पण नडणाऱ्या गोष्टी

व्हॅनने जात असशील तर व्हॅनवाल्या काकांना आत्ताच विचार. निम्मी मुलं नसली की काहीजण फेऱ्या एकत्र करतात आणि वेळ बदलते. कधी बुधवारी-गुरुवारी अचानक शाळा लवकर सोडतात, तेव्हा घरी कसं जायचं हे आईबरोबर ठरवून ठेव. डबा रोज ने. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, आणि सहलीच्या आठवड्यात शाळेबाहेरचा वडापाववालाही लवकर गाडी आवरतो.

उरलेल्या मुलांना कामाला लावायची पद्धत काही ठिकाणी आहे. ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवायला, नोटीस बोर्ड सजवायला सांगितलं तर एखादा तास खुशाल दे. ग्रंथपालांशी ओळख होते, आणि पुस्तकांच्या कपाटांपर्यंत जायला मिळतं ते वेगळंच. पण रोज बाक हलवायला लावले तर ‘सर, आम्हाला गणिताचा तास दिलाय’ असं सरळ सांग. अर्जाचा तिथे उपयोग होतो.

आणि उरलेल्या 18 जणांपैकी कुणाला ‘तू का नाही गेलास’ असं विचारू नकोस. कुणाकडे पैशाची अडचण असेल, कुणाला घरून रात्रीचं पाठवत नसतील, कुणाला गाडी लागत असेल. तुलाही ते विचारतील, तेव्हा ‘या वेळी जमलं नाही’ एवढं पुरतं.

आजीच्या आजारपणाचं

हे सहल निघायच्या आधी मिटव. आता ती थाप लहान आहे. पण शुक्रवारी कुणीतरी ‘आजी कशी आहे गं’ विचारणार, मग तुला दुसरी सांगावी लागणार, आणि एके दिवशी तुमच्या घरी आलेली मैत्रीण ठणठणीत आजीलाच विचारणार. सगळ्यांना बोलावून जाहीर करायची गरज नाही. जी सगळ्यात जवळची आहे तिला शनिवारी बाजूला घेऊन सांग: ‘आजी बरी आहे. खर्च जमत नव्हता, म्हणून तसं बोलले.’ ती बाकीच्यांना सांभाळून घेईल. खर्च न झेपणं लपवण्यासारखं नाही, आणि दादाच्या फीचा विचार तू स्वतःहून केलास, हे आईला कळलं असेल असं धरून चाल.

पुढच्या वर्षीसाठी एक माहिती असू दे. शालेय सहलीला एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती अख्खी गाडी भाड्याने, घेतली तर भाड्यात 50 टक्के सवलत मिळते. खाजगी बस ठरवल्यामुळे रक्कम वाढली असेल तर पालक सभेत हा प्रश्न आईने विचारावा. सहल जाहीर होण्याआधी विचारावा, नंतर आगाऊ रक्कम दिलेली असते. रक्कम हप्त्याने भरता येईल का, हेही तेव्हाच.

त्या परत आल्यावर

सहलीच्या गप्पा पंधरा दिवस चालत नाहीत. पहिले तीन-चार दिवस जोरात असतात, मग चाचणीचं वेळापत्रक लागतं. बसमध्ये कोण कुणावर ओकलं, या गोष्टींत तुला शिरता येणार नाही, तिथे हसून सोडून दे. ‘मज्जा आली का’ असं विचारलंस तर ‘खूप’ एवढंच उत्तर येईल. नेमकं विचार. विजापूरच्या गोलघुमटात, आतून सुमारे 38 मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली, वरच्या सज्जात कुजबुजलेलं समोरच्या टोकाला ऐकू आलं का? तिथे आवाज वळत्या भिंतीच्या कडेने सरकत जातो, आणि तुम्ही मैदानावर सपाट भिंतीवरून परत आणलात, तोच धडा. बहुधा त्या सांगतील की आरडाओरड्यात काहीच कळलं नाही. पन्नास मुलं एकदम ओरडली की तसंच होतं. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इसवी सन 578 चा शिलालेख आहे, त्याचा फोटो कुणी काढलाय का विचार. हंपीचा दगडी रथ 50 रुपयांच्या नव्या नोटेवर आहे, तो शेजारी धरून कुणीतरी फोटो काढलाच असेल.

स्टेटस आठवडाभर म्यूट कर. त्यात रुसण्यासारखं काही नाही आणि कुणाला कळतही नाही. फोटो नंतर निवांत बघता येतात, त्यांच्याच फोनवर, त्या सांगत असताना.

शेवटचं मराठीच्या तासाचं. सहलीनंतर ‘आमची सहल’ किंवा सहलीचा वृत्तांत असा गृहपाठ सगळ्या वर्गाला मिळतो, आणि मागे राहिलेली मुलं कुणाच्या तरी वहीतून हंपी उतरवून काढतात. तू तसं करू नकोस. मराठीच्या बाईंना सोमवारी मधल्या सुट्टीत भेट आणि मैदानावरच्या प्रयोगाचा वृत्तांत लिहू का, असं विचार. तारीख, जागा, कोण काय करत होतं, पहिल्या वेळी लय का जमली नाही, आकडे काय आले, सगळं तुझ्याकडे असेल. वृत्तांतलेखनाला हवं ते एवढंच असतं. प्रयोगाच्या दिवशी जो लिहीत होता त्याच्याकडून आकड्यांचा कागद त्याच दिवशी मागून घे, शुक्रवारपर्यंत तो हरवतो.